माळ्यावरचे युफोनियम: मोडीचा भाव आणि वाद्याचा भाव

आपण विचारले आहे ते थोडक्यात असे: आपले आजोबा सांगलीतल्या एका बँडमध्ये युफोनियम, म्हणजे खर्जाच्या बाजूचे मोठे पितळी फुंकवाद्य, वाजवत असत. त्यांच्यामागे ते वाद्य तीस वर्षे माळ्यावर पडून आहे. त्याला चार पिस्टन (बोटांनी दाबायच्या कळा) आहेत, अंगावर काळवंडलेला चांदीचा मुलामा आहे आणि रुंद तोंडावर, म्हणजे बेलवर, ‘बूझी अँड हॉक्स, लंडन’ आणि ‘इम्पीरियल’ अशी कोरीव अक्षरे आहेत. भंगारवाल्याने पितळेच्या वजनावर भाव सांगितला, जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याने त्याच्या तिप्पट सांगितला आणि इंटरनेटवर तसेच दिसणारे वाद्य लाखाच्या वर किमतीला लावलेले आपल्याला आढळले. खरी किंमत कोणती, विकण्याआधी घासूनपुसून पोचे काढून घ्यावेत का, परदेशात पाठवता येईल का आणि येणाऱ्या पैशांत बारा वर्षांच्या भाच्यासाठी एखादा जुना ट्रम्पेट घ्यावा का, असे आपले प्रश्न आहेत. पितळी वाद्यांची दुरुस्ती आणि खरेदी-विक्री मी गेली तेहतीस वर्षे करतो आहे. तेव्हा सर्वप्रथम विनंती अशी की हे उत्तर पूर्ण वाचून होईपर्यंत वाद्याला कापडसुद्धा लावू नका.

जुन्या पितळी वाद्याबद्दल सर्वांत मोठा गैरसमज असा आहे की ते जितके जुने तितके मोलाचे. व्हायोलिनबाबत या समजुतीला थोडाफार आधार आहे, कारण चांगले लाकूड जपून वापरले तर शतकानुशतके टिकते. पितळी वाद्य हे मात्र अर्धे वाद्य आणि अर्धे यंत्र असते, आणि यंत्र झिजते. त्यामुळे त्याची किंमत दोन गोष्टींवर ठरते: ते आज नीट वाजते का, आणि आजच्या इतर वाद्यांबरोबर सुरात वाजते का. दोन्हींचे उत्तर ‘हो’ असेल तर भंगारवाल्याचा भाव हास्यास्पद आहे. दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल तर दिवाणखान्यातली शोभेची वस्तू एवढीच त्याची योग्यता उरते आणि व्यापाऱ्याने सांगितलेला भाव वाजवी ठरतो.

आता वाद्य कोणते आहे ते नक्की करू. बूझी अँड कंपनी आणि हॉक्स अँड सन या लंडनच्या दोन स्वतंत्र कंपन्या 1930 मध्ये एकत्र आल्या. त्यामुळे बेलवर ‘बूझी अँड हॉक्स’ अशी दोन्ही नावे असलेले वाद्य 1930 पूर्वीचे असूच शकत नाही. नुसते ‘बूझी अँड कंपनी, 295 रीजंट स्ट्रीट’ किंवा ‘हॉक्स अँड सन, डेन्मन स्ट्रीट’ असे असते तर ते त्याआधीचे ठरले असते. बेसन या तिसऱ्या प्रसिद्ध नावाची कंपनीही 1948 मध्ये याच कंपनीच्या ताब्यात आली. (आपले बँडवाले ‘बेसन’च म्हणतात, आणि नवीन पोराला त्यावरून भज्यांचा विनोद ऐकावा लागतो.) त्यानंतर उत्तर लंडनमधल्या एजवेअरच्या कारखान्यातून दोन्ही नावांची वाद्ये बाहेर पडत होती. बूझीचे ‘इम्पीरियल’ आणि बेसनचे ‘न्यू स्टँडर्ड’ ही तर जवळपास जुळी भावंडे. म्हणून बेसन नावाच्या वाद्याला अमुक मिळाले आणि बूझीला तमुक, अशी तुलना त्या काळातल्या वाद्यांपुरती तरी फारशी करू नका. अनुक्रमांक बहुधा पिस्टनच्या नळकांड्यांपैकी एकावर ठोकलेला असतो. तो टिपून ठेवा. त्यावरून दशक कळते, नेमके वर्ष प्रत्येक वेळी कळत नाही.

आपल्या वाद्यात चौथा पिस्टन कुठे आहे हे आपण लिहिलेले नाही, आणि ते महत्त्वाचे आहे. तीन पिस्टन वर आणि चौथा बाजूला, डाव्या हाताच्या बोटाशी, अशी रचना असेल आणि पिस्टनच्या नळकांड्यांच्या मागे छोट्या वळशांच्या जास्तीच्या नळ्या दिसत असतील, तर ते भरपाईच्या रचनेचे, म्हणजे कॉम्पेन्सेटिंग युफोनियम आहे. दोन-तीन पिस्टन एकदम दाबले की नळीची एकूण लांबी हवी त्यापेक्षा थोडी कमी पडते आणि खालचे सूर चढे लागतात. तेवढीच लांबी आपोआप भरून काढण्याची ही युक्ती बूझी कंपनीतल्या डेव्हिड ब्लेकली यांची आहे आणि तिचे पेटंट 1874 चे आहे. आजही उत्तम दर्जाची युफोनियम याच तत्त्वावर बनतात. चारही पिस्टन एका ओळीत असतील तर ते बहुधा साधे वाद्य असते आणि त्याला मिळणारी किंमत बरीच कमी असते.

यापुढचा मुद्दा पट्टीचा, म्हणजे वाद्य किती उंच सुरात लावलेले आहे याचा, आहे. परदेशातल्या विक्रेत्यांनी भारतात पाठवलेल्या आणि भारतातल्या विक्रेत्यांनी परदेशात पाठवलेल्या वाद्यांबद्दलच्या निम्म्याअधिक तक्रारींचे मूळ मी यातच पाहिले आहे. आज बहुतेक ठिकाणी ‘ए’ स्वर सेकंदाला 440 कंपनांचा धरतात. त्यावर 1939 मध्ये लंडनच्या परिषदेत आंतरराष्ट्रीय एकमत झाले. पण इंग्लंडमधल्या ब्रास बँडनी आपली जुनी चढी पट्टी, सुमारे 452 कंपनांची, 1960 च्या दशकाच्या मध्यापर्यंत सोडली नाही आणि तोवर कारखानेही त्यांच्यासाठी चढ्या पट्टीची वाद्ये बनवत राहिले. फरक जवळपास पाव स्वराचा, म्हणजे हार्मोनियमच्या शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांच्या बरोबर मधला. युफोनियमचा मूळ स्वर बी-फ्लॅट, म्हणजे आपली काळी पाच. चढ्या पट्टीचे वाद्य काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मध्ये कुठेतरी लागते आणि कोणत्याच पेटीशी जुळत नाही. एकट्याने वाजवले तर अगदी गोड लागते, म्हणून घरच्यांना कधी शंका येत नाही. आपल्या आजोबांच्या बँडमधली सगळी वाद्ये त्याच पट्टीची असतील तर त्यांनाही कधी अडचण आली नसेल.

तपासणी सोपी आहे. मोबाइलवर ट्यूनरचे कोणतेही ॲप घ्या. एखाद्या वाजवणाऱ्याला बोलावून दहा मिनिटे वाद्य वाजवून गरम होऊ द्या, कारण थंड पितळ उतरे वाजते आणि दिशाभूल करते. मग मुख्य स्लाइड (सूर जुळवण्यासाठी आतबाहेर सरकणारी नळी) साधारण दीड-दोन सेंटीमीटर बाहेर ठेवून, एकही पिस्टन न दाबता बी-फ्लॅट वाजवायला सांगा. काटा मध्यावर किंवा जवळपास असेल तर उत्तम. तो पाव स्वराने चढा असेल आणि स्लाइड बरीच ओढल्यावरच खाली येत असेल, तर ते चढ्या पट्टीचे वाद्य आहे. ते खाली आणता येते: सुमारे दोन मीटर नव्वद सेंटीमीटर लांबीच्या नळीत एकूण आठ सेंटीमीटरची भर घालावी लागते, आणि प्रत्येक पिस्टनची स्लाइडही त्या प्रमाणात थोडी वाढवावी लागते. हे काम करताना जुने तुकडे फेकून देऊ नयेत. जुनी मुख्य स्लाइड जपून ठेवलेले आणि नवी, लांब स्लाइड सोबत असलेले वाद्य मी स्वतः विनातक्रार विकत घेतो. बेलवर किंवा नळकांड्यावर लष्करी मालकीचा छोटा बाण कोरलेला आहे का, हेही पाहा. ब्रिटिश लष्कराने 1920 च्या दशकाच्या अखेरीसच खालची पट्टी स्वीकारली होती, त्यामुळे बाण असलेले 1930 नंतरचे वाद्य बहुधा आजच्या पट्टीचे निघते. पलटणीच्या बँडमधून निकाली निघालेली वाद्ये लिलावात घेऊन बँडमास्तरांनी आपापल्या गावी आणली, असे पुष्कळदा घडले आहे.

पिस्टनच्या झिजेचा अंदाज घरीही घेता येतो. पहिल्या पिस्टनची स्लाइड मोकळी असेल तर पिस्टन न दाबता ती सावकाश दोन-तीन सेंटीमीटर बाहेर ओढा, मनात पाचपर्यंत मोजा आणि मग पिस्टन दाबा. बाटलीचे बूच निघाल्यासारखा ‘टप्’ असा आवाज आला, तर पिस्टन आणि नळकांडे यांच्यामध्ये हवा सुटत नाही आणि यंत्र शाबूत आहे. पाच मोजेपर्यंतच आत हवा शिरली आणि दाबल्यावर नुसती फुस्स झाली, तर झीज आहे. हीच तपासणी प्रत्येक पिस्टनवर करा. आधी जुने तेल धुऊन काढा आणि पातळ तेल घाला, कारण झिजलेल्या पिस्टनला जाड तेल चोपडून ‘टप्’ आवाज काढून दाखवणारे विक्रेते या धंद्यात आहेत. मला पहिल्या वर्षी तसाच एक कॉर्नेट (ट्रम्पेटसारखे आखूड वाद्य) विकला गेला होता. घरी आणून धुतल्यावर त्याचे खरे रूप कळले. आपल्याकडे अनेक बँडवाले पिस्टनला खोबरेल लावत असत. ते थंडीत थिजते आणि उन्हाळ्यात चिकट राळेसारखे बसते. आपल्या वाद्याचे पिस्टन अडकले असतील तर ते बहुधा गंजामुळे नव्हे, त्या राळेमुळे अडकलेले असतील. म्हणून पक्कड लावू नका. थोडे पातळ तेल सोडून दोन दिवस थांबा, वरची झाकणे हाताने उघडा, पिस्टन सरळ वर उचला. पिस्टनवर 1, 2, 3 असे आकडे असतात, ते ज्या नळकांड्यातून निघाले त्यातच परत जायला हवेत. पिस्टनच्या चकचकीत अंगावर पिवळे किंवा गुलाबी पट्टे दिसत असतील तर मुलामा उडाला आहे. त्याच्यावर पुन्हा मुलामा चढवून तो शंभरांश मिलिमीटरच्या हिशेबाने बसवणारे कारागीर आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. मिरजेला तंतुवाद्याचा भोपळा फुटला तर पिढीजात हात मिळतो, पितळी वाद्याच्या पिस्टनला मिळत नाही, ही वस्तुस्थिती आहे.

पोच्यांची चिंता लोक जितकी करतात तितकी करण्याचे कारण नाही. बेलवरचा किंवा खालच्या मोठ्या वळणावरचा पोचा दिसायला वाईट असतो, पण आवाजावर त्याचा परिणाम कमी होतो. माउथपीसजवळच्या अरुंद नळीतला बोटाच्या पेराएवढा पोचा मात्र सूर बिघडवू शकतो. त्याच अरुंद नळीवर आणखी एक आजार शोधा. श्वासातल्या आणि लाळेतल्या ओलाव्याने पितळेतले जस्त हळूहळू निघून जाते आणि मागे भुसभुशीत तांबे उरते. बाहेरून ते मध्ये काळा ठिपका असलेल्या गुलाबी डागांसारखे दिसते. हा रोग आतून बाहेर येतो, म्हणून बाहेर डाग दिसला म्हणजे पत्रा जवळपास पार झाला असे समजावे. एक-दोन डाग असतील तर तेवढी नळी बदलता येते, संपूर्ण वाद्यावर पसरले असतील तर हात जोडावेत.

आता ‘घासूनपुसून, पोचे काढून’ या कल्पनेकडे येतो. चांदीवरचा काळेपणा हा रोग नाही. हवेतल्या गंधकाशी चांदीचा संयोग होऊन वर बसलेला तो अतिशय पातळ थर आहे, आणि त्याच्याखाली मुलामा सुखरूप असतो. चिंच-मीठ, पितांबरी, राख, ब्रासो यांपैकी प्रत्येक वस्तू आपापल्या जागी गुणाची आहे, पण त्या भांड्यांसाठी आहेत. दीडशे पिढ्या घासली तरी घागर शिल्लक राहील इतका तिचा पत्रा जाड असतो. वाद्यावरचा चांदीचा थर केसाहूनही पातळ असतो आणि बेलचा पत्रा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. उमेदवारीच्या काळात मी स्वतः एक सुंदर कोरलेली बेल एका भांडी पॉलिश करणाऱ्याच्या चाकावर धरायला दिली होती. अर्ध्या तासात ती आरशासारखी झाली, आणि त्या आरशात कारखान्याचे नाव, पदकांची माळ, सगळे इतके पुसट झाले की गिऱ्हाइकाला ते नखाने चाचपून दाखवावे लागले. संग्राहक काळे वाद्य घेतो, घासलेले घेत नाही. आपण फार तर कोमट पाण्याने आणि भांड्याच्या साबणाच्या दोन थेंबांनी बाहेरची धूळ धुऊन मऊ सुती कापडाने टिपून घ्या.

पोच्यांबाबतही तेच. पुण्याच्या तांबट आळीतल्या कारागिरांच्या हाताविषयी मला अतिशय आदर आहे, परंतु मठारकामाचे, म्हणजे हातोडीने ठोके देण्याचे, तंत्र वाद्याला चालत नाही. प्रत्येक ठोक्याने पत्रा ताणला जातो आणि कडक होतो. भांड्याला त्यामुळे मजबुती आणि शोभा येते, वाद्याची बेल मात्र ठेचकळते. वाद्याचा पोचा आतून योग्य आकाराचा पोलादी गोळा किंवा दांडा फिरवून, चोळून काढतात. शिवाय सांधे पितळ वितळवून झाळलेले नसून बहुतेक मऊ डाकाने जोडलेले असतात. साध्या गॅसच्या मोठ्या ज्योतीने तापवले की एक सांधा जोडताना शेजारचे तीन सुटतात आणि चांदी जळते ती वेगळीच. वाद्य दुरुस्त करणारा माणूस मिळत नसेल तर पोचे तसेच ठेवून विका. घेणाऱ्याला त्याचा विश्वासातला कारागीर ठाऊक असतो.

किमतीबद्दल. इंटरनेटवर लाख-दीड लाख मागितलेले जे वाद्य आपण पाहिलेत, ती मागितलेली किंमत आहे. कोणीही काहीही मागू शकतो. ज्या किमतीला वाद्य प्रत्यक्ष विकले गेले ती शोधा. मोठ्या लिलावाच्या संकेतस्थळांवर ‘विकले गेलेले’ एवढेच निवडून पाहण्याची सोय असते. तिथे गेल्या काही महिन्यांतल्या त्याच नमुन्याच्या, त्याच अवस्थेतल्या वाद्यांना काय मिळाले ते पाहा आणि त्यातून वाहतूक वजा करा. मग आकडा पुष्कळ खाली आलेला दिसेल. या नमुन्याला एक खास मर्यादाही आहे. 1974 च्या सुमारास याच कारखान्याने मोठ्या छिद्राचे ‘सॉव्हरिन’ हे नमुने आणले आणि इंग्लंडमधले वादक तिकडे वळले. त्याआधीच्या ‘इम्पीरियल’ला मधल्या मापाच्या दांडीचे माउथपीस लागते. ते आज सर्रास मिळणाऱ्या लहान किंवा मोठ्या मापांत मोडत नाही. त्यामुळे आजोबांचे माउथपीस पेटीत, जुन्या कपाटात, कुठेही असेल तर ते शोधून काढा. माउथपीसशिवाय वाद्य विकणे म्हणजे किल्लीशिवाय गोदरेजचे कपाट विकण्यासारखे आहे. मूळ लाकडी किंवा चामडी पेटी असेल तर ती कितीही कुबट असली तरी टाकू नका.

पिस्टन चांगले, पट्टी आजची, भरपाईच्या नळ्या असलेले आणि मूळ माउथपीससह असे वाद्य असेल, तर माझ्या अनुभवाप्रमाणे त्याला मोडीच्या भावाच्या कितीतरी पट किंमत वादकाकडून मिळते. कॉम्पेन्सेटिंग युफोनियमचे वजन साधारण साडेचार-पाच किलो असते. पितळेचा आजचा दर विचारून मोडीचा भाव आपण स्वतःच काढू शकाल. म्हणजे समोरचा माणूस वाद्याचे पैसे देतो आहे की पितळेचे, हे बोलण्याआधीच कळेल. स्थानिक गिऱ्हाईक मात्र मर्यादित आहे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. डीजे आणि बेंजो आल्यापासून बँड आकसले आणि जे उरले त्यांना ट्रम्पेट आणि कॉर्नेट हवे असतात, युफोनियमला जेमतेम एक माणूस ठेवतात. त्यांना विकायचे असेल तर तुळशीचे लग्न लागण्याच्या आधीच्या महिन्यात विचारा, कारण तेव्हा लग्नसराईची जुळवाजुळव चालू असते. पावसाळ्यात विचारलेत तर अर्धीच किंमत ऐकायला मिळेल. पोलीस आणि लष्करी बँडमधून निवृत्त झालेले वादक, गोव्यातले चर्चच्या बँडशी संबंधित लोक आणि मुंबईच्या धोबी तलाव परिसरातली वाद्यांची जुनी दुकाने, इथे चौकशी केलीत तर वाद्याची जाण असलेला माणूस भेटण्याची शक्यता जास्त. व्यापाऱ्याला दोष देऊ नका. तो दोन वर्षे वाद्य दुकानात ठेवून वाट पाहणार असतो आणि त्या थांबण्याचा मोबदला तो किमतीतून कापतो.

परदेशात पाठवायचे असल्यास दोन बाबी आहेत. पहिली कायद्याची. 1972 च्या पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती अधिनियमानुसार शंभर वर्षे किंवा त्याहून जुनी, कला किंवा इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. आपल्या वाद्यावर दोन कंपन्यांची जोडनावे आहेत, म्हणजे ते 1930 च्या आधीचे नाही, म्हणजे शंभरी अजून भरलेली नाही. बेलवरची ती दोन नावे इथे आपल्या कामी येतात. तरीही जुनाट दिसणारी धातूची वस्तू सीमाशुल्क विभागाच्या अधिकाऱ्याने अडवली तर तिथे वाद घालत बसण्यापेक्षा, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून ती पुरावशेष नसल्याचे प्रमाणपत्र आधीच घेऊन ठेवणे शहाणपणाचे. नुसते ‘बूझी अँड कंपनी’ लिहिलेले वाद्य असते तर मी या प्रमाणपत्राशिवाय पाऊलही टाकू नका असे सांगितले असते. दुसरी बाब खर्चाची. आंतरराष्ट्रीय कुरिअर प्रत्यक्ष वजन आणि खोक्याच्या आकारमानावरून काढलेले वजन यांपैकी जे जास्त त्यावर पैसे लावतात. आकारमानाच्या वजनासाठी लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये घेऊन गुणाकाराला बहुधा 5000 ने भागतात. पेटीसह युफोनियमला 90 बाय 55 बाय 50 सेंटीमीटरचे खोके लागले तर हिशेब साडेएकोणपन्नास किलोचा होतो, आणि आत दहा-बारा किलोच असते. किंमत ठरवण्याआधी हा आकडा गिऱ्हाइकाला कळवा. पुण्या-मुंबईकडचे कोणी नातेवाईक इंग्लंडला जात असेल आणि विमान कंपनी सामान म्हणून नेऊ देत असेल, तर तो मार्ग स्वस्त पडतो.

आता भाच्याचा ट्रम्पेट. इथे माझे मत थोडे कठोर आहे. शिकणाऱ्या मुलाला जुने आणि प्रसिद्ध वाद्य देऊ नये. सूर चुकला तर तो आपला की वाद्याचा हे त्याला कळत नाही, आणि बारा वर्षांचा मुलगा दोष नेहमी स्वतःलाच देतो. चांगल्या अवस्थेतला, पाच-दहा वर्षे वापरलेला यामाहाचा शिकाऊ ट्रम्पेट घ्या. मेरठच्या जली कोठी भागात पिढ्यान्पिढ्या बँडची वाद्ये बनतात आणि तिथली नादिर अली अँड कंपनी 1885 पासूनची आहे. मिरवणुकीत धक्के खाऊन टिकण्याचा गुण तिथल्या वाद्यांत आहे, पण शिकणाऱ्यासाठी घेताना शिक्षकाकडून ट्यूनरवर वाजवून घ्या.

तरीही जुनाच घ्यायचा असेल, तर अमेरिकन ओल्ड्स कंपनीचा ‘ॲम्बॅसडर’ हा मूळचाच विद्यार्थ्यांसाठी बनवलेला, दणकट आणि सुराला पक्का नमुना आहे. कंपनी 1979 मध्ये बंद झाली, त्यामुळे सुटे भाग दुसऱ्या मोडलेल्या ओल्ड्समधूनच मिळतात. विक्रेता ‘माउंट व्हर्नन बाख’ म्हणून मोठी रक्कम मागत असेल तर त्यामागची गोष्ट एवढीच आहे की व्हिन्सेंट बाख यांचा कारखाना 1953 पासून न्यू यॉर्कजवळच्या त्या गावात होता, 1961 मध्ये त्यांनी तो सेल्मर कंपनीला विकला आणि त्यानंतर काही वर्षांत उत्पादन इंडियाना राज्यातल्या एल्कहार्टला गेले. मधल्या थोड्या वर्षांतल्या वाद्यांचा लौकिक खरा आहे. पण बेल बदलता येते आणि नाव बेलवरच असते. अनुक्रमांक नळकांड्यावर असतो. दोन्हींचा काळ जुळतो का ते पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. ‘मार्टिन कमिटी’ या ट्रम्पेटच्या किमतीत पितळ कमी आणि अमेरिकन जॅझवादक माइल्स डेव्हिस यांचे नाव जास्त असते. अमुक गोव्याच्या कलाकाराने अमुक चित्रपटाच्या गाण्यात हाच ट्रम्पेट वाजवला होता, असे सांगणारेही भेटतील. वाद्यासह असलेला फोटो, पावती किंवा कुटुंबाचे पत्र नसेल तर त्या कहाणीची किंमत शून्य धरावी. उलट आपल्याकडे आजोबांचा वाद्यासह फोटो असेल तर त्याची प्रत विकताना जरूर द्या. त्याने भाव फार वाढत नाही, पण वाद्य खरे आणि चोरीचे नाही याची घेणाऱ्याला खात्री पटते.

इतके वाचून आपल्याला मला वाद्य दाखवायचे असेल तर प्रवास करू नका, आधी फोटो पाठवा. बेलवरची अक्षरे सरळ समोरून, नळकांड्यांचा मागचा भाग, माउथपीस बसते ती नळी सर्व बाजूंनी आणि चारही पिस्टन बाहेर काढून, पांढऱ्या कापडावर, उजेडात. पिस्टन पुसू नका, जसे निघतील तसेच ठेवा.